न्यायालयातील कारकुनाची नोकरी : शिरावे कसे, शिकावे काय आणि संगणकाच्या काळात टिकावे कसे

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात काढली, तेव्हा त्यांतली २,७९५ पदे कनिष्ठ लिपिकाची होती. तेव्हापासून ओळखीतली आणि ओळखीच्यांच्या ओळखीतली मुले-मुली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. नोंदी संगणक करणार, साक्ष यंत्र टिपणार, समन्स मोबाईलवर जाणार, तर मग या परीक्षेच्या तयारीत दोन वर्षे घालवावीत का? माझे उत्तर आहे की अवश्य घालवावीत. मात्र या कामातला कोणता भाग जाणार आहे आणि कोणता राहणार आहे, हे रुजू होण्याआधीच समजून घ्यावे. उतरवून काढणे, शोधणे, मोजणे, तक्ते भरणे ही कामे यंत्राकडे चालली आहेत आणि ती जावीत. नोंद खरी आहे असे म्हणून तिच्याखाली सही करण्याचे काम कारकुनाकडेच राहणार आहे, आणि पुढच्या काळात ते आजच्यापेक्षा जड होणार आहे. तयारी करायची ती या दुसऱ्या कामाची.

आधी एक खुलासा करतो. गावाकडे ‘कोर्टातला कारकून’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर वकिलांचा कारकून येतो. तो वकिलांचा माणूस असतो. येथे मी न्यायालयाच्या आस्थापनेवरील, म्हणजे न्यायालयाच्या स्वतःच्या नोकरीतील, माझ्यासारख्या लिपिकाविषयी लिहीत आहे.

प्रवेशाची तयारी

त्या जाहिरातीत कनिष्ठ लिपिकासाठी कोणत्याही शाखेची पदवी मागितली होती आणि कायद्याची पदवी असलेल्यांना प्राधान्य होते. मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीचा ४० शब्द असणे आवश्यक होते, शिवाय संगणक हाताळण्याचे प्रमाणपत्र लागत होते. वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० रुपये, अधिक भत्ते, अशी होती. निवड चाळणी परीक्षा, टंकलेखनाची चाचणी आणि मुलाखत अशा टप्प्यांनी होते. पुढच्या जाहिरातीत अटी बदलू शकतात, म्हणून शिकवणीवर्गाच्या पत्रकावर विसंबू नये, मूळ जाहिरात स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

टंकलेखनाचे प्रमाणपत्र पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेतून मिळते, परंतु प्रमाणपत्र मिळाले म्हणजे बोटे तयार झाली असे नाही. सरावासाठी वर्तमानपत्रातील उतारे घेण्याऐवजी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणकीकरण प्रकल्पाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असलेली जिल्हा न्यायालयांची मराठी निकालपत्रे घ्यावीत, म्हणजे ‘कैफियत’, ‘सरतपास’, ‘उलटतपास’, ‘पुरसीस’, ‘दरखास्त’, ‘हुकूमनामा’ हे शब्द हातात बसतात आणि त्यांचे अर्थही कळू लागतात. मराठी टंकलेखन आरंभापासूनच युनिकोडमध्ये करावे. जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निव्वळ चिन्हांची रांग दिसते आणि तो मजकूर शोधताही येत नाही. न्यायालयीन नोंदीत तर शोधता न येणारे अक्षर हे हरवलेल्या कागदासारखेच असते.

वाचनासाठी मी थोडीच पण पक्की यादी देतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील समन्स, वादपत्र, हजेरी-गैरहजेरी, दस्तऐवज, हुकूमनामा आणि अंमलबजावणी यांविषयीचे आदेश, म्हणजे अनुक्रमे ५, ७, ९, १३, २० आणि २१, सावकाश वाचावेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी बाजूला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. नव्या उमेदवाराला याचा एक लाभ आहे, कारण जुने कर्मचारी ज्या कलमांचे क्रमांक नव्याने पाठ करीत आहेत ते त्याला पहिल्यांदाच शिकायचे असतात. याशिवाय मुदतीचा कायदा, महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम आणि उच्च न्यायालयाच्या दिवाणी व फौजदारी नियमावल्या एकदा चाळून ठेवाव्यात. नियमावली हे खरे तर आमच्या धंद्याचे पुस्तक. नोकरी लागल्यावर ते टेबलावर असावे, कपाटात नसावे.

काम कोठे कोठे असते

रुजू झाल्यावर तुमचे टेबल दर काही काळाने बदलते. दाखल विभागात नवीन दावे-अर्ज तपासून त्यांना क्रमांक दिला जातो. न्यायाधीशांच्या समोर बसणारा कारकून बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी), रोजनामा (प्रकरणात प्रत्येक तारखेला काय झाले त्याची नोंद) आणि पुढील तारखा सांभाळतो. नाझर विभागाकडे पैसे, बेलिफ (समन्स-नोटिसा पोचवणारे कर्मचारी) आणि बजावणी असते. मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जप्त केलेल्या वस्तू असतात. नक्कल विभाग प्रमाणित प्रती देतो, आणि निकाली निघालेली प्रकरणे अभिलेख कक्षात जातात, जेथे जुनी दप्तरे अजून रुमालात बांधलेली आढळतात. पहिल्या काही वर्षांत यांतील जितकी टेबले मिळतील तितकी मागून घ्यावीत. एकाच टेबलावर बसून त्या टेबलाचा राजा होणे सोपे वाटते, पण यंत्र एखादे संपूर्ण टेबलच हलके करते तेव्हा त्याच माणसाची सर्वांत मोठी अडचण होते.

नक्कल विभागाला नवखे लोक कमी लेखतात, म्हणून त्याचे थोडे सविस्तर सांगतो. प्रमाणित प्रतीच्या शेवटी काही तारखा लिहिलेल्या असतात : अर्ज केव्हा केला, प्रत केव्हा तयार झाली, केव्हा दिली. वरवर पाहता ही शिक्क्याखालची किरकोळ खरड वाटते. प्रत्यक्षात जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते आणि मुदतीच्या कायद्यातील कलम १२ नुसार हुकूमनाम्याची (निकालानुसार काढलेल्या अंतिम आदेशाची) प्रत मिळवायला लागलेला काळ त्यातून वजा होतो. म्हणजे १० तारखेला अर्ज झाला आणि २४ तारखेला प्रत तयार झाली, तर तो काळ पक्षकाराच्या बाजूने मोजला जातो. परंतु प्रत तयार असताना तो आठ दिवसांनी न्यायला आला, तर ते आठ दिवस त्याचे गेले. तयार झाल्याची तारीख चुकीची पडली तर एखाद्याचे अपील मुदतबाह्य ठरू शकते. शिक्का मारण्यापूर्वी या तारखा अर्जाच्या नोंदवहीशी ताडून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. प्रत संगणकातून निघाली, तिच्यावर संगणकीय स्वाक्षरी झाली, तरी या तारखांचे महत्त्व तिळमात्र कमी होत नाही.

संगणकाने आजवर काय बदलले

ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ साली सुरू झाला. त्याच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि त्यासाठी ७,२१० कोटी रुपयांची तरतूद केली. देशभरातील जिल्हा न्यायालये ज्या प्रणालीत नोंदी करतात ती सीआयएस, म्हणजे प्रकरणांच्या माहितीची, प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात तयार झाली. प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यात पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, नंतर दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा अंक अनुक्रमांकाचे आणि शेवटचे चार वर्षाचे असतात. हा क्रमांक फोडून वाचता येणे ही नव्या कारकुनाची बाराखडी समजावी. बेलिफाच्या हाती मोबाईल आला आहे आणि बजावणीच्या जागेची नोंद त्यावरून होते. वाहतूक चलनांची प्रकरणे आभासी न्यायालयात येतात आणि दंड घरबसल्या भरला की कोणत्याही टेबलावर कागद न येता मिटतात. महिनाअखेरीचे तक्ते, जे हाताने तयार करताना पूर्वी रात्र व्हायची, ते आता प्रणालीतून निघतात. त्या रात्रींची मला हळहळ वाटत नाही.

पुढे काय येत आहे तेही दिसू लागले आहे. सर्वोच्च न्यायालयात २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या प्रकरणाची सुनावणी चालू असताना युक्तिवाद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जागच्या जागी शब्दबद्ध करण्यास आरंभ झाला. निकालपत्रांच्या भाषांतरासाठी २०१९ पासून ‘सुवास’ ही प्रणाली आहे आणि तिच्या भाषांत मराठी आहे. केरळमध्ये कोल्लम येथे धनादेश न वटल्याच्या प्रकरणांसाठी चोवीस तास दाखल करता येईल असे संपूर्ण ऑनलाइन न्यायालय नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. त्याच केरळच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून असे बजावले की निष्कर्ष, आदेश वा निकाल काढण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता येणार नाही आणि जी साधने वापरली जातील त्यांच्या कामावर माणसाची देखरेख राहिली पाहिजे. हे धोरण प्रत्येक उमेदवाराने लक्षपूर्वक समजून घ्यावे, कारण त्यात म्हटलेली देखरेख प्रत्यक्षात टेबलावर बसून ज्यांना करावी लागेल त्यांत कारकून आहेत.

एक चुकलेली तारीख

देखरेख म्हणजे काय, हे मला एका चुकीने शिकवले. ती चूक माझी होती. वाटपाच्या एका दाव्यात पुढची तारीख २१ ठरली, मी ती वादीला तोंडी सांगितली आणि प्रणालीत भरताना १२ भरली. त्या दिवशी बोर्डावर गर्दी होती. मी पडद्याकडे पुन्हा पाहिले नाही. रोजनामा प्रणालीतूनच निघाला, त्यामुळे त्यावरही १२ आली, आणि १२ तारखेच्या बोर्डावर प्रकरण आपोआप चढले. पुकारा झाला, वादी नव्हता, त्याचे वकील दुसऱ्या न्यायालयात होते, प्रतिवादीचे वकील उभे राहिले आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. २१ तारखेला तो म्हातारा पहाटेची एसटी धरून, सातबाऱ्याचे उतारे पिशवीत घालून आला आणि बोर्डावर आपले नाव शोधत उभा राहिला. मी जाऊन साहेबांना सर्व सांगितले. अर्ज झाला, दावा पुन्हा नोंदला गेला, पण त्याचे काही महिने गेले ते गेलेच.

यातले मर्म असे की पूर्वी तारीख तीन ठिकाणी हाताने लिहिली जाई, डायरीत, रोजनाम्यात आणि बोर्डावर, आणि एक चुकली तर दुसरी बोट दाखवी. आता एकदा भरलेली तारीख सर्वत्र वाहत जाते. पक्षकाराच्या मोबाईलवर संदेश जातो तोही त्याच नोंदीवरून. सर्व ठिकाणे एकमेकांशी जुळतात, म्हणून नोंद बरोबर आहे असा भास होतो. हा धोका यंत्र जितके अधिक काम करील तितका वाढत जाणार आहे.

त्यानंतर मी लावून घेतलेल्या सवयी येथे देतो, कारण त्या कोणत्याही प्रणालीत चालतील. तारीख आधी प्रणालीत भरावी आणि मग पडद्यावरून वाचून पक्षकाराला सांगावी, स्मरणातून सांगू नये. न्यायालय उठल्यावर त्या दिवसाच्या सर्व प्रकरणांच्या पुढील तारखा न्यायाधीशांच्या डायरीशी ताडाव्यात, आणि शक्य असेल तर एकाने वाचावे व दुसऱ्याने पाहावे. प्रकरणाचा टप्पा निवडताना, म्हणजे नोटीस, साक्षीपुरावा, युक्तिवाद की निकाल, मागचाच टप्पा तसाच पुढे ढकलण्याचा मोह टाळावा. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांची पन्नास लाखांहून अधिक प्रलंबित प्रकरणे दिसतात. ती कोणत्या टप्प्यावर अडकली आहेत हे धोरण ठरवणारे लोक आपण निवडलेल्या टप्प्यावरूनच वाचतात.

नावांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ‘जाधव’ हे आडनाव पुण्याकडचा माणूस इंग्रजीत एका तऱ्हेने लिहितो आणि विदर्भातला शेवटी ‘ओ’ लावून दुसऱ्या तऱ्हेने. एकाच माणसाचे नाव दोन प्रकरणांत दोन प्रकारे भरले गेले की नावावरून शोध घेताना त्यातले एक प्रकरण सापडत नाही. आधारकार्ड किंवा वकीलपत्रावरील अक्षरे पाहूनच नाव भरावे आणि देवनागरी रकाना रिकामा सोडू नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत मात्र याच्या उलट दक्षता लागते. पीडितेची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तिचे नाव, गावाचा वा नातेवाइकांचा माग देणारा तपशील जगाला दिसणाऱ्या नोंदीत जाता कामा नये. हे तपासण्याची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही.

कोणती कौशल्ये कमवावीत

पहिले कौशल्य कानाचे आहे. साक्ष टिपणारी यंत्रे आली म्हणजे टंकलेखनाचा वेग मागे पडेल आणि टिपलेले तपासण्याची नजर पुढे येईल. जिल्हा न्यायालयातील साक्षीदार पुस्तकी मराठी बोलत नाही. तो ‘वहिवाट’, ‘पोटहिस्सा’, ‘खातेफोड’, ‘वावर’, ‘धुरा’, ‘बांध’ असे शब्द वापरतो आणि ते जिल्ह्यागणिक बदलतात. ‘म्या सही केली न्हाई’ आणि ‘म्या सही केली नव्हं’ यांतला फरक गावच्या माणसाला चटकन कळतो. पहिल्यात नकार आहे, दुसऱ्यात ठाम कबुली. दोन्हींचे ‘मी सही केली नाही’ असे शुद्धीकरण झाले तर दाव्याचा निकाल फिरू शकतो. म्हणून आपल्या जिल्ह्याची बोली, शेतजमिनीची आणि नातेसंबंधांची शब्दावली मुद्दाम शिकावी. टिपलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवताना घाईने वाचू नये. जेथे नकार, आकडा, तारीख किंवा चतुःसीमा येते तेथे थांबावे आणि शंका आली तर ती साहेबांच्या लक्षात आणून द्यावी. स्वतः दुरुस्ती करू नये.

भाषांतराचेही असेच आहे. यंत्राने केलेला मजकूर वाचायला गुळगुळीत असतो आणि नेमक्या त्यामुळे चूक नजरेतून सुटते. आदेशाचा शेवटचा भाग, म्हणजे कोणाला काय करायचे आहे आणि किती दिवसांत, हा मूळ प्रतीशी शब्दशः पडताळून पाहावा.

दुसरे कौशल्य इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे. आता दाव्यात पेन ड्राइव्ह, ध्वनिमुद्रण, संदेशांच्या छापील प्रती सर्रास येतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्यासोबत विहित नमुन्यातील दोन भागांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करायचे असते. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच; मजकुरात एक अक्षर बदलले तरी ते बदलते. असा पुरावा ग्राह्य आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवतील. पण प्रमाणपत्र जोडलेले आहे का, दोन्ही भाग भरले आहेत का, निशाणी क्रमांक (पुराव्याला न्यायालयाने दिलेला क्रमांक) वस्तूवर आणि यादीवर सारखाच आहे का, ती कोठे व कोणाच्या ताब्यात ठेवली, या नोंदी कारकुनाने करायच्या असतात. या विषयात हात बसलेला कर्मचारी येत्या काळात प्रत्येक आस्थापनेला लागेल.

तिसरी गोष्ट संयमाची. आदेशाचा मसुदा किंवा साक्ष मोबाईलवरील एखाद्या फुकट साधनात टाकून भाषांतर अथवा सारांश करून घेण्याचा मोह होतो, विशेषतः कामाचा ढीग असताना. तसे करू नये. ते कागद न्यायालयाचे आहेत, बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर ते गेल्यावर परत आणता येत नाहीत. अधिकृतपणे दिलेले साधनच वापरावे आणि ते वापरल्याची नोंद ठेवावी.

बढतीचा रस्ता कनिष्ठ लिपिकापासून वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक आणि पुढे प्रबंधक असा जातो. परवानगी घेऊन कायद्याची पदवी पूर्ण करता आली तर अवश्य करावी. सीआयएसचे प्रशिक्षण देणारे मास्टर ट्रेनर न्यायालयीन कर्मचाऱ्यांतूनही निवडले जातात. तशी संधी आली तर संगणकाची भीती न बाळगता पुढे व्हावे, कारण प्रणालीत कोणता रकाना हवा आणि कोणता निरुपयोगी, हे टेबलावर बसणाऱ्यानेच सांगायचे असते.

शेवटी खिडकीविषयी. तारीख पाहण्यासाठी आता कोणाला खिडकीपर्यंत यावे लागत नाही, ती मोबाईलवर दिसते. तरीही पोटगीचा अर्ज केलेली एखादी बाई चुरगळलेला कागद घेऊन येते आणि ‘साहेब, माझी तारीख कधी आहे?’ असे विचारते, तेव्हा तिला बहुधा तारखेपलीकडचे काही विचारायचे असते. आपल्याला यावेच लागेल का, सोबत काय आणायचे, वकील आले नाहीत तर काय करायचे, हे तिला जाणून घ्यायचे असते. प्रक्रियेची माहिती तिला पूर्ण आणि सोप्या शब्दांत द्यावी, हवे तर कागदावर लिहून द्यावी. दाव्याचे काय होईल किंवा काय बोलावे, याचा सल्ला मात्र कधीही देऊ नये. तो तुमचा अधिकार नाही. वकील नसेल तर तिला तालुका विधी सेवा समितीच्या खोलीपर्यंत नेऊन सोडावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि बहुतेक वेळा ही गोष्ट तिला तोपर्यंत कोणी सांगितलेली नसते.